तीनला हात मागे येतो

कापडे, ता. ८ डिसेंबर २०२४, रविवार

प्रव्या,

'प्रिय' लिहायला मन होत नाय, म्हणून नुसतं प्रव्या. अक्षराला हसू नको. मधलं बोट नि त्याच्या बाजूचं बोट नसताना पेन धरायला मला सहा महिने लागलेत. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. आयेच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून ठेवून देतोस. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागेल तुला.

पत्ता विनोदिनीबाईंनी दिला. तुझ्या महाडच्या गिटारच्या बाई. त्यांना तू दिवाळीला फोन करतोस, सख्ख्या बहिणीला नाय. असो.

कशासाठी लिहितेय ते सरळ सांगते. परवा काकांचा रितेश घरी आला होता. म्हणाला, प्रवीणचं तुडीलच्या समीक्षाशी जमलंय, दोघं कळंबोलीला एकाच गोदामात कामाला हायेत, पोरगी तयार हाय, पण तिचे वडील अडून बसलेत. ज्या पोराला सख्ख्या बापाने घराबाहेर काढलं त्याला मुलगी द्यायची कशी? म्हणून ते आपल्याकडे चौकशीला येणार. इथवर मला आनंदच झाला रे, देवाशप्पथ. पण पुढे रितेश म्हणाला, तू त्यांना सांगितलंयस की मळणीच्या दिवशी ताई 'हां' म्हणाली म्हणून मी बटण दाबलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षांनी परत तेच?

त्या दिवशी भात ओलं होतं, मशीन सारखं तुंबत होतं. तू गोठ्याच्या भिंतीमागे मोटारीच्या बटणाशी, मी इकडे खळ्यात मशीनच्या तोंडाशी. तुंबलं की तू बंद करायचास, मी अडकलेला पेंढा हाताने उपसायची, हात बाहेर काढून 'हां' म्हणायची, नि मग तू चालू करायचास. सगळ्या गावात असंच करतात. त्या वेळी माझा हात आत होता नि मशीन चालू झालं. तुझ्या कानात ती गाण्याची वायर होती. मी 'हां' म्हणले नाय. दवाखान्यात सगळ्यांसमोर हेच सांगितलं, आजही सांगते. अण्णांनी तुला हाकललं ते काय हौस म्हणून नाय.

तुडीलवाले आले तर मला विचारतीलच. तेव्हा तू तुझं बोलणं आधीच बदल, उगीच सगळ्यांसमोर तोंडावर पडशील.

आणखी एक. तुझी गिटार माळ्यावर खताच्या गोणीत पडली होती. दिवाळीआधी मी ती महाडला विकायला नेली. खोटं कशाला बोलू, रागानेच नेली. बाईंना म्हटलं, कोण गिऱ्हाईक असेल तर बघा. त्यांनी गोणी सोडली, गंजलेल्या तारा बघितल्या, मग माझा हात बघितला. म्हणाल्या, "अंगठा आणि तर्जनी शाबूत आहेत ना? पिक, ती तारा छेडायची चकती, धरायला एवढंच लागतं. बस खाली." साठीच्या बाई, पण हुकूम असा सोडतात की आपण बसतोच. सहा रविवार झाले, जातेय.

रेश्मा


कापडे, ता. २९ डिसेंबर २०२४, रविवार

प्रव्या,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'ताई, हात कसा हाय? थंडीत दुखतो का? समीक्षाच्या वडलांना तुला जे सांगायचं ते सांग.' बस्स? मी तुला पानभर झापते नि तू माझ्या हाताची विचारपूस करतोस? भांड ना मेल्या! भांडता येत नाय असं थोडंच हाय तुला. लहानपणी फणसाच्या गऱ्यासाठी माझे केस ओढायचास.

हात दुखतो. जी बोटं नायत तीच जास्त दुखतात. झालं समाधान?

गिटारचं विचारलं नायस, तरी सांगते. डाव्या हाताला काय त्रास नाय. बोटांची टोकं सोलवटली, आता घट्टे पडलेत. एक सोपी पकड दाखवलीय बाईंनी, दोन बोटांची, महिनाभर तीच धरून बसलेय. सगळी रड उजव्या हाताची. तुला माहीतच हाय तो प्रकार. 'एक नि दोन नि तीन नि चार नि' असं तोंडाने म्हणायचं. आकड्याला हात खाली, 'नि'ला वर. हात सारखा हलता ठेवायचा, पण दर वेळी वाजवायचं नाय. एकला वाजव, दोनला खाली-वर वाजव, तीनला तारांना न शिवता हात नुसता खाली ने, मग वर येताना वाजव, मग चारला परत खाली-वर. मला वाटलं होतं दोन दिवसांचं काम. दोन महिने होत आले रे! एक येतं, दोन येतं, नि तीनला सगळं फिसकटतं. हात थांबतोच.

बाई टेबलावर फूटपट्टी आपटत बसतात. "थांबू नकोस. वाजवायचं नसलं तरी हात जाऊ दे." मी म्हटलं, वाजवायचंच नाय तर हात नेऊ कशाला? म्हणाल्या, "नाही नेलास तर पुढचं वेळेवर वाजणार नाही. मुकाट्याने रोज शंभर वेळा कर. हळू. ठेक्याची टिकटिक मिनिटाला साठाच्या वर लावलीस तर पुढचा धडा देणार नाही."

म्हणून रोज शंभर. दुपारी वालाच्या शेतात राखणीला जाते तेव्हा करते. वालाचे शंभर दाणे डाव्या खिशात घ्यायचे, एकदा झालं की एक दाणा उजव्या खिशात. माकडं पहिल्या दिवशी ऐकायला थांबली होती, आता लांबूनच जातात. चला, राखण तरी झाली.

पण परवा अण्णा बांधावर येऊन उभे राहिले. कधी आले कळलंच नाय. मी दाणे टाकत, मान खाली घालून, एक नि दोन नि चाललेलं. म्हणाले, "ज्यानं तुझा हात खाल्ला, त्याची पेटी उरावर घेऊन बसलीस?" ओरडले नायत. ओरडले असते तर बरं झालं असतं. दाणे मातीत सांडले. ते निघून गेले नि मी ते वेचत बसले.

मी काय उत्तर देणार होते त्यांना? तू सांग.

तुडीलवाल्यांचा निरोप आलाय. पुढच्या महिन्यात येतो म्हणतात.

रेश्मा


कापडे, ता. १९ जानेवारी २०२५, रविवार

प्रवीण,

आज महाडहून आल्यापासून जेवले नाय. आधी हे लिहिते. नाय लिहिलं तर उद्या लिहिणार नाय, मला माझी खात्री हाय.

बाईंनी आज मला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, "रेश्मा, तीनला तुझा हात कुठे जातो?"

म्हटलं, "थांबतो. तुम्हीच तर म्हणता."

"थांबत नाही. मला इतके दिवस तसं वाटत होतं. बघ आता." नि त्यांनी मोबाइलवर माझं शूटिंग केलं. नुसता हात. मग मला दाखवलं.

प्रव्या, एकला हात खाली. दोनला खाली-वर, छान. नि तोंडाने 'तीन' म्हटल्याबरोबर हात झटक्यात मागे, पार छातीशी. चटका बसल्यावर ओढतो ना आपण, तसा. आठ वेळा केलं, आठही वेळा. मला पत्ताच नव्हता.

बाई म्हणाल्या, "आता तोंड बंद ठेव. आकडे मनात म्हण." तसं केलं. हात तीनवरून सरळ खाली गेला, कुठे अडला नाय. "आता परत मोठ्याने म्हण." म्हटलं. हात मागे.

बाईंनी मोबाइल खाली ठेवला. म्हणाल्या, "तुझा हात तुझ्याच आवाजाला घाबरतो, बाई."

मी तिथून उठले ती सरळ एसटी स्टँडवर. चप्पल घालायची राहिली होती, बाईंनी मागून आणून दिली. काय म्हणाल्या तेही ऐकलं नाय मी.

आता लिहिते. त्या दिवशी सकाळपासून वीसेक वेळा मशीन तुंबलं. दर वेळी दोन मुठींत तुंबा निघायचा. एक मूठ, दोन मुठी, हां. एक मूठ, दोन मुठी, हां. त्याची लयच बसली होती मला, डोकं लावायला लागत नव्हतं. नि त्या एका वेळी दोन मुठींनी निघालं नाय. हात तिसऱ्या मुठीसाठी परत आत गेला, नि तोंड आपल्या सवयीने बोलून मोकळं झालं. हां.

मी म्हणले, प्रव्या. मोठ्याने म्हणले. तू बरोबर ऐकलंस.

हे मला आज गिटारमुळे आठवलं, असं लिहून सुटता आलं असतं. सबंध एसटीत तेच वाक्य जुळवत आले. पण खरं ते नाय. मला दवाखान्यातच माहीत होतं. शुद्धीवर आले तेव्हा पहिलं तेच आठवलं. आये खळ्यात माझ्या पाठीशीच भारे बांधत होती, तिनेही ऐकलं होतं. तू बाहेर भिंतीला डोकं टेकून रडत होतास नि आये माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आता हाय तसं राहू दे गो. तो पोरगा हाय, बाप आज रागावला तर उद्या घरात घेईल. तुझा हात गेला, वर चूक पण तुझीच म्हटलं तर तुला कोण विचारील?" मग अण्णा आले, रितेश आला, काका आले, नि तुला समोर उभं करून मला विचारलं. मी तुझ्याकडे बघून 'नाय' म्हणले.

तुझा चेहरा कसा झाला होता ते मला दिसलं होतं. तू वाद पण घातला नायस. स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडाला होता ना तुझा? ते मी केलं.

आयेला बोल लावू नको. तिने सांगितलं, पण तोंड माझं होतं. तिला वाटलं महिना-दोन महिन्यांत अण्णा निवळतील. नायत निवळले. नि मला विचारायला कोण आलं म्हणशील तर तसंही कोणी आलं नाय. सगळं फुकट गेलं रे.

तुडीलवाले दोन फेब्रुवारीला येतायत. अण्णांसमोर विचारणार. मी काय बोलेन मला माहीत नाय. ज्या दिवसापासून हात गेला त्या दिवसापासून अण्णा मला पहिला घास वाढल्याशिवाय जेवत नायत. ते सगळं एका वाक्यात जाणार.

तुझी ताई


कापडे, ता. १ फेब्रुवारी २०२५, शनिवार

प्रव्या,

तुझं पाकीट आज पोचलं. 'ताई, काय सांगू नको. मीच समीक्षाच्या वडलांना, दीपकरावांना, फोन करून सांगितलं की मी खोटं बोललो होतो, कानात गाणं होतं, चूक माझीच. समीक्षाचं बघू काय होतं ते. मी इकडे कसाही राहीन. तुला त्या घरात राहायचंय.'

खरं सांगू? वाचून आधी मला बरं वाटलं. सुटले असं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच शिसारी आली. अरे, काय केलंस तू हे? वडलांनी बाहेर काढलेला तर होतासच, आता होणाऱ्या सासऱ्यासमोर खोटारडाही झालास. नि कोणासाठी? जिने तुझ्या तोंडावर 'नाय' म्हटलं तिच्यासाठी?

नि मूर्खा, कानात गाणं असतं तर सकाळपासूनचं एकेक 'हां' ऐकू आलं असतं का तुला? एवढी साधी गोष्ट तीन वर्षांत एकाही शहाण्याच्या डोक्यात आली नाय. माझ्या आली होती. मी मूग गिळून बसले.

पाकीट वाचून दाखवल्यापासून आये माझ्या मागे मागे करतेय. तिला कळलंय माझ्या मनात काय चाललंय ते. "पोरगा स्वतःच म्हणतोय ना गो, मग तू कशाला?" जीव नुसता टांगणीला लागलाय. हे पत्र उद्याचं झाल्याशिवाय टाकत नाय.

ताई


कापडे, ता. ३ फेब्रुवारी २०२५, सोमवार, सकाळ

प्रव्या,

परवाचं पत्र टाकलं नाय, त्याच पाकिटात हे घालते. पटापट लिहिते, वेळ थोडा हाय.

काल अकरा वाजता दीपकराव आले, सोबत समीक्षाचा मामा. पडवीत बसले. पोहे झाले, चहा झाला, वालाचं पीक कसं हाय ते झालं. मग दीपकराव म्हणाले, "हैबतीराव, मुलाबद्दल जरा बोलायचं होतं."

अण्णा म्हणाले, "तो माझा मुलगा होता. आता नाय. तुम्हाला पोरगी द्यायची तर द्या, मला विचारू नका."

"पण एवढी चूक काय त्याची?"

अण्णांनी मला हाक मारली. मी कपबशा उचलायला आलेच होते. त्यांनी माझा उजवा हात मनगटाला धरला नि सगळ्यांसमोर वर केला. "ही," म्हणाले. "ही चूक."

तो मामा दुसरीकडे बघायला लागला. दीपकराव बघत राहिले. आये दारात उभी, पदर तोंडाशी. प्रव्या, मला त्या वेळी अण्णांची दया आली नि रागही आला. माझाच हात धरून ते खोटं बोलत होते नि त्यांना ते माहीतही नव्हतं.

मी म्हटलं, "अण्णा, हात सोडा."

त्यांनी सोडला.

"प्रवीणची चूक नाय. मीच 'हां' म्हणले होते. हात आत असताना म्हणले. दवाखान्यात मी खोटं बोलले."

अण्णा म्हणाले, "काय बोलतेस?" मी परत सगळं सांगितलं. आयेचं नाव घेतलं नाय, पण ती आपणहून म्हणाली, "मी पण ऐकलं होतं." नि तिथेच खाली बसली.

दीपकराव गोंधळले. म्हणाले, "चार दिवसांपूर्वीच तुमच्या मुलाचा फोन आला, चूक माझीच म्हणून. आता ही म्हणते माझी. धरायचं कोणाचं खरं?" त्यांचंही बरोबरच हाय.

अण्णा उठले. चपला न घालता तसेच अंगणात उतरले. मला म्हणाले, "चल खळ्यात." आम्ही सगळेच गेलो. मशीन नव्हतं, नुसतं सारवलेलं खळं. अण्णा म्हणाले, "कशी उभी होतीस? उभी रहा." मग ते गोठ्याच्या भिंतीमागे, तुझ्या जागेवर, जाऊन उभे राहिले. तिथून ओरडले, "म्हण आता."

मी वाकले. हवेतून पेंढा उपसला. एक मूठ. दोन मुठी. नि तिसऱ्यासाठी हात पुढे केला नि म्हणले, "हां."

कितीतरी वेळाने अण्णा बाहेर आले नि खळ्याच्या कडेला मातीत बसले. माझ्याकडे बघितलं नाय. जमिनीकडे बघत म्हणाले, "चांगलं खणखणीत ऐकू येतं." पायांवरची माती झटकत म्हणाले, "मग तीन वर्षं मी कोणाशी बोलत नव्हतो?"

मी मोठमोठ्याने रडले, पाहुण्यांची लाज न बाळगता. दीपकरावांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. जाताना म्हणाले, "पोरीशी बोलतो नि कळवतो." तोंड कडू नव्हतं त्यांचं, एवढं मला दिसलं. पुढचं तू नि समीक्षा बघा. तिला खरं काय ते तूच सांग, नि परत माझ्यासाठी खोटं बोललास तर थोबाड फोडीन.

कालपासून अण्णा माझ्याशी बोललेले नायत. पहिला घासही वाढला नाय. बोलतील की नाय, कधी बोलतील, मला माहीत नाय. तीन वर्षं लागली तरी मी तक्रार करायची नाय. पण एक गंमत सांगू? काल संध्याकाळी वालात जाऊन शंभर वेळा वाजवलं, 'तीन' मोठ्याने म्हणून. चाळीस वेळा हात मागे आला, साठ वेळा नाय. बाई म्हणतील, साठ कमीच.

आज सकाळी अण्णांनी धुतलेले कपडे काढले नि आयेला म्हणाले, "तिच्याकडून त्याचा पत्ता घे." मुंबईच्या गाडीने निघतायत. पत्ता मी मोठ्या अक्षरात लिहून दिलाय, हायवेवर कुठे उतरायचं तेही. रितेश सोबत येतो म्हणाला, नको म्हणाले. हे पाकीट त्यांच्याच पिशवीत घालतेय. दुसऱ्याचं पत्र ते उघडायचे नायत. तुझ्यासमोर आल्यावर काय बोलायचं ते त्यांना सुचणार नाय, म्हणून आधी हे पाकीटच पुढे करतील. मग हात मांडीवर ठेवून गप्प बसतील.

हे तू वाचतोयस म्हणजे ते समोर बसलेत. कागद ठेव, प्रव्या. त्यांच्याशी बोल.

तुझी ताई,
रेश्मा